तेल घालून एकशे पाच

वीरण्णांना मी काका म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे. उदगीरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. त्यांना याची फार गंमत वाटायची.

"तासावर मास्तर?" पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. "तासावर तर ट्रॅक्टर असतोय की हो."

माझी स्कूटर बंद पडली होती, तेव्हा ओळख झाली. त्यांनी ती वीस मिनिटांत चालू करून दिली. मी दोन तास बसलो. पुढे कॉलेज सुटलं की तिथंच जाऊ लागलो. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं इंजिन दुरुस्तीचं, पत्र्याच्या शेडमधलं दुकान होतं. बसायला जुन्या जीपची सीट होती. तिची एक स्प्रिंग टोचायची, ती चुकवून बसायचं.

वीरण्णा मूळचे जळकोटकडचे. शाळा मात्र सीमेपलीकडे मामाच्या गावी, कन्नडमध्ये, सातवीपर्यंत. मराठी घडघडा बोलायचे, पण लिहायला लागले की हात थांबायचा. म्हणून त्यांच्या वहीत मी लिहायचो. कोणाचं इंजिन, काय बिघाड, मीटरवर काय आलं. त्यांना माझं अक्षर आवडायचं. वही उलटी धरून लांबून बघायचे आणि म्हणायचे, "छापल्यागत हाय."

चौदाव्या वर्षी ते एका उस्तादाच्या हाताखाली लागले. मशीन आली की उस्ताद तासभर पाना हातात घेऊ द्यायचा नाही. नुसतं ऐकायला लावायचा. नंतर चार वर्षं वीरण्णांनी एका धरणावर मासेमारीच्या ठेकेदाराच्या बोटी सांभाळल्या. त्यामुळे बोटीच्या मागे लावायच्या मोटरीला हात घालणारा आसपासच्या तीन-चार तालुक्यांत तेवढा एकच माणूस होता.

वीरण्णा लिंगायत. रोज सकाळी अंघोळ, कपाळावर विभूती, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा. त्याशिवाय दुकानाचं शटर वर जायचं नाही. गळ्यातलं लिंग शर्टाच्या आत असायचं. इंजिनावर वाकताना ते पुढं लोंबायचं, म्हणून डावा हात छातीवर धरायचे आणि उजव्यानं काम करायचे. मी एकदा म्हणालो, "काका, पाठीवर टाका की." ते म्हणाले, "देवाला पाठीवर टाकू व्हय?"

एक गोष्ट आधी सांगायला हवी. पिकाला पाणी द्यायच्या घाईत माणसं पेट्रोलवरचे जुने पंप घेऊन यायची. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असायच्या. रिंगा झिजल्या की सिलिंडरमध्ये दाब धरत नाही आणि दाब नसला की इंजिन ओढत नाही. खोलायला दोन दिवस हवेत आणि माणसाकडे एक दिवसही नाही. मग वीरण्णा प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडायचे. तेल रिंगांच्या फटी भरतं. थोडा वेळ दाब येतो. पंप उचलतो.

"हे उसनं हाय," ते बजावायचे. "भिजवून झालं की घेऊन ये."

आणि माणूस यायचा. तीस वर्षांत सगळे आले, असं ते सांगत. एक जण तर वऱ्हाडाच्या टेंपोत, करवल्यांच्या मधोमध पंप ठेवून आला होता.

मे महिन्यात मांजरा नदीकाठच्या एका तालुक्याच्या कचेरीतून बोटीची मोटर आली. तालुक्याचं नाव लिहीत नाही. टेंपोतून दोघांनी उतरवली. दोन सिलिंडरची, पंधरा-सोळा वर्षांची, रंग उडालेली. सोबत बोट चालवणारा बसवराज होता आणि कचेरीतले रविकिरण साहेब होते. पूर-आपत्तीच्या कामाचं टेबल त्यांच्याकडं.

"चालू होते," रविकिरण म्हणाले. "फक्त जरा दमते."

"माणसं बसली की?" वीरण्णांनी विचारलं.

बसवराज म्हणाला, "हाव काका. मोकळी असली की पळतीया. चार माणसं बसवली की रडायलीया."

वीरण्णांनी प्लग न काढताच सुरू करायची दोरी हळू ओढली. पुन्हा ओढली. मग दोरी माझ्या हातात दिली. "ओढा मास्तर. काय कळतंय?"

एका ठिकाणी दोरी जड लागत होती. पुढच्या ठिकाणी लागायला हवी होती, तिथं लागत नव्हती.

"एक दम धरतंय, एक न्हाई," ते म्हणाले. "तुम्हाला कळलं म्हणजे कुणालाबी कळंल."

त्यांनी दोन्ही प्लग काढले. वरच्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून मला दोरी ओढायला लावली. अंगठा फाटकन उडाला. खालच्या भोकावर ठेवला. अंगठा जागचा हलला नाही. मग दाब मोजायचा मीटर लावला. प्लगच्या वायरी इंजिनाच्या अंगाला टेकवल्या, हवेची झडप पूर्ण उघडली, दोरी सहा वेळा ओढायला लावली. काटा थांबेपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. रविकिरण काहीतरी विचारत होते.

"लिवा. वरचं एकशे दहा. खालचं साठ."

मग खालच्यात चमचाभर तेल सोडलं आणि पुन्हा दोरी. काटा चढत गेला.

"लिवा. तेल घालून एकशे पाच."

रविकिरण पुढं वाकले. "अरे वा. झालं की!"

"काय झालं साहेब? बिघाड सापडला. तेल घालून चढलं म्हणजे रिंगा गेल्या. तेलानंबी न्हाई चढलं असतं, तर गॅस्केट गेली म्हणलं असतं." त्यांनी बॅटरी लावून भोकातून आत बघितलं. "भिंतीवर रेघा हायत. मोटरीला थंड करायचं पाणी चढत नसंल. वाळू गेली, तापली, घासली. पाण्याचा पंप बदलायचा, सिलिंडर घासून घ्यायचं, पिस्टन-रिंग नवी. माल हैदराबादेतनं येतोय. तीन आठवडे धरा."

"तीन आठवडे?" रविकिरण म्हणाले. "परवा तपासणी आहे. वरून साहेब येतायत. पावसाळ्याची तयारी."

"मग सांगा त्यांना, मोटर दवाखान्यात हाय म्हणून."

रविकिरणांनी पिशवीतून छापील फॉर्म काढला. मेकॅनिकचं नाव, मोटरीचा नंबर, चालू की बंद. कॉम्प्रेशनसाठी, म्हणजे दाबासाठी, प्रत्येक सिलिंडरला एकच चौकोन होता.

"इथं एकच आकडा बसतो," ते म्हणाले. "एकशे पाच लिहा."

"ते तेलाचं हाय साहेब. इंजनाचं न्हाई."

"पण तुमच्याच मीटरनं दाखवलं ना? खोटं कुठं आहे?"

खोटं नव्हतं. काटा तिथं गेला होता, आम्ही चौघांनी बघितला होता.

"काका, हे बघा," रविकिरण म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा, खरंच. "तपासणी होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मोटर इथंच पाठवतो. तोवर तुम्ही माल मागवा. पाऊस यायला महिना आहे."

"पाठवताव नक्की?"

"म्हणजे काय!"

वीरण्णांनी माझ्याकडं बघितलं. "लिवा मास्तर. पण बाजूला बारीक लिवा, तेल घालून."

शेऱ्याच्या रकान्यावर रविकिरणांनी बोट ठेवलं. "हा रकाना साहेबांसाठी असतो. इथं नका."

मी पेन उचलला. चौकोनात एकशे पाच लिहिलं. चांगल्या अक्षरात. वीरण्णांनी खाली कन्नडमध्ये सही केली.

त्या कागदाला ते परत येणाऱ्या शेतकऱ्याचा शब्द समजले. ही त्यांची चूक. मला कागद वाचता येत होता. माझ्या चुकीला काय म्हणायचं, मला माहीत नाही.

तपासणी झाली. मोटर पास झाली. बसवराजनं फोन करून सांगितलं. साहेबांसमोर पुन्हा चमचाभर तेल घालून बोट गोल फिरवून दाखवली होती, रिकामी.

मोटर परत आली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हैदराबादेहून खोका आला. पिस्टन, रिंगा, पंपाचं रबर. वीरण्णांनी फोन लावला.

"माल आला साहेब. मोटर धाडा."

फोन स्पीकरवर होता. रविकिरण म्हणाले, "काका, थोडी अडचण आहे. मोटर पास झालीय."

"व्हय. मग?"

"मग पास झालेली मोटर दुरुस्तीला कशी पाठवू? विचारतील ना, पास होती तर बिघडली कशी. बिघडली तर पास केली कोणी. तुम्हीच अडकाल."

"मी अडकतो. धाडा तुम्ही."

"बघतो," असं म्हणून फोन बंद झाला.

जुलैत ते दोनदा बसनं कचेरीत गेले. खोका मांडीवर घेऊन. "तिथंच खोलतो, तिथंच बसवतो, कुणाला कळणार न्हाई," असं सांगितलं. मोटर ठेवलेल्या शेडची किल्ली रविकिरण साहेबांकडं होती. साहेब मीटिंगला होते. दुसऱ्या वेळी किल्ली सापडली नाही. परत आले तेव्हा त्यांची बायको गुरम्मा दुकानात डबा घेऊन आली होती. खोका तसाच बघून म्हणाली, "पोरगी बघायला गेल्यागत जाताव आन् तसंच येताव. त्यांना नको हाय, तर तुम्हाला काय पडलंय?"

"आकडा माझा हाय," वीरण्णा म्हणाले.

त्यानंतर ते आभाळ बघायला लागले. पावसाची वाट बघणारा माणूस वर बघतो, तसं नाही. तो पाऊस उदगीरवर पडला तरी त्यांना चालत होता. तिकडं वर, मांजरेवरच्या धरणाच्या पाठीमागं पडायला नको होता. रोज सकाळी कॉलेजला जाताना मी थांबलो की विचारायचे, "धरण किती भरलं, बघा मोबाइलवर." मी टक्के सांगायचो. ते ऐकून प्लग साफ करायला बसायचे.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी मी पंच्याण्णव सांगितलं. दुपारी धरणाचे दरवाजे उघडले.

नदीच्या वळणावर एक गाव आहे. सगळे त्याला नुसतं थडी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थडीला तिन्ही बाजूंनी पाणी होतं आणि चौथ्या बाजूचा रस्ता बुडाला होता. बसवराजचा फोन आला. "काका, मोटर काढायलेत."

वीरण्णांची पूजा झाली होती. त्यांनी प्लगचा पाना, चार प्लग, खोकल्याच्या औषधाची एक बाटली भरून तेल घेतलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं. माझ्या स्कूटरवर मागं बसले. दोन तासांच्या वाटेत एकदाच बोलले. "जोरात चालवा की ओ. मास्तरागत काय चालवताव."

पाण्याच्या कडेला रविकिरण यादी घेऊन उभे होते. बोटीवर बसवराज आणि एक होमगार्ड. लाइफ जॅकेटं दहा. आठ आणायच्या माणसांसाठी, दोन या दोघांसाठी.

"काका, तुमचं नाव यादीत नाही," रविकिरण म्हणाले.

"मोटरीचं हाय न्हवं? मी तिच्यासंगं."

"असं चालत नाही."

बसवराज म्हणाला, "साहेब, येऊ द्या त्यांना. न्हाईतर मी जाईना. मला एकट्याला ती हाकता यायची न्हाई."

रविकिरण यादीकडं बघत राहिले. मग तोंड दुसरीकडं वळवलं. "मी काही बघितलं नाही," म्हणाले.

वीरण्णांनी फोन माझ्या हातात दिला. मी विचारलं, "तेल किती वेळ पुरेल?"

"जाऊन येईपत्तोर."

पहिली फेरी झाली. आठ माणसं आली. त्यात एक बाळंतीण होती, एक म्हातारा शेळीसकट होता. शेळीवरून बोटीतही भांडण झालं असावं, कारण म्हातारा उतरला तो शिव्या देतच उतरला. वीरण्णा हसत होते. निळा धूर निघत होता. त्यांनी खालच्या सिलिंडरचा प्लग बदलला, पुन्हा तेल सोडलं आणि ते परत गेले.

दुसऱ्या फेरीत येताना बोट काठापासून दीडशे-दोनशे पावलांवर होती. तीन वर्षं त्या दुकानात बसून मलाही ऐकू यायला लागलं होतं. आवाजातला एक ठोका गेला. राहिलेला एकच ठोका वाहत्या पाण्याला पुरत नव्हता. मग तोही थांबला.

मला सगळं दिसत होतं. त्यांनी मोटरीवरचं झाकण काढलं. प्लग काढला. बाटलीचं बूच दातांनी उघडून तेल सोडलं. बोट वाहत बुडालेल्या बाभळींच्या रांगेकडं निघाली होती. बसवराज वल्ह्यानं तिला अडवत होता. वीरण्णांनी नवा प्लग बसवला आणि उठून मोटरीवर वाकले. डावा हात छातीवर. उजव्या हातात दोरी. एकदा ओढली. दुसऱ्यांदा ओढली.

बोट बाभळीला धडकली. सगळ्यांनी काहीतरी धरलं. त्यांचा एक हात दोरीवर होता आणि एक छातीवर.

आठ माणसं आणि ते दोघे फांद्या धरून राहिले. त्यांना थडीच्याच लोकांनी आणलं. गूळ करताना उसाचा रस उकळायची मोठी काहील असते, ती पाण्यात सोडून, दोऱ्या लावून, तीन-तीन माणसं आणली. काहिलीला मोटर लागत नाही.

वीरण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. दीड कोस खाली. लिंग गळ्यात होतं. आमच्याकडं त्यांच्या लोकांत माणसाला बसवून पुरतात, मांडी घालून, लिंग हातात देऊन. त्यांचं शरीर ताठलं होतं, मांडी वळेना. विधी करायला आलेले जंगमस्वामी म्हणाले, थांबा. सगळे थांबले. संध्याकाळपर्यंत खड्ड्याशेजारी थांबले. मग बसवलं.

महिन्याभरानं चौकशीचा अहवाल आला. बसवराजनं मोबाइलवर फोटो पाठवला. सरकारी मराठी मला नीट वाचता येतं. मोटर मे महिन्यात तपासलेली व सुस्थितीत होती. दोन्ही सिलिंडरचा दाब योग्य होता. सोबत मेकॅनिकचा दाखला जोडला आहे. यादीत नाव नसलेल्या व्यक्तीने चालत्या मोटरीत हस्तक्षेप केल्याने मोटर बंद पडली व दुर्घटना घडली.

जोडलेला दाखला माझ्या अक्षरात होता. छापल्यागत.

मी कचेरीत गेलो. रविकिरण खुर्चीवरून उठले, मला पाणी दिलं.

"तो आकडा तेल घातलेला होता," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत आहे."

"लिहिलंय कुठं तसं?"

"तुम्ही लिहू दिलं नाही."

"सर, अक्षर कोणाचं आहे?"

"माझं."

ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मला दोन लहान मुलं आहेत." मी पाणी न पिता उठलो.

वही दाखवावी म्हणून मी ती चौकशीवाल्यांकडंही नेली. त्यात साठ लिहिलेलं होतं. तेही माझ्याच अक्षरात. त्यांनी विचारलं, या वहीवर शिक्का कुठं आहे.

गेल्या आठवड्यात गुरम्मांनी मला बोलावलं. दुकान आवरायचं होतं. मी जीपच्या सीटवर बसलो आणि स्प्रिंग चुकवायची विसरलो. तेवढ्यात बाहेर टेंपो थांबला. बसवराज उतरला. त्याची मान खाली होती. टेंपोत मोटर होती. बाभळीखालून काढलेली. त्यानं ती त्याच दिवशी पुसून, वाळवून, आत डिझेल फिरवून ठेवली होती.

त्याच्या हातात पत्र होतं. वीरण्णांच्या नावानं. मोटर नादुरुस्त झाल्याने तपासणी व दुरुस्तीसाठी पाठवण्यात येत आहे. कचेरीच्या यादीत मेकॅनिक म्हणून अजून तेच नाव होतं.

"मी सांगितलं त्यांना," बसवराज म्हणाला. "म्हणले, यादी मार्चमधी बदलतीया."

मी पत्र गुरम्मांना वाचून दाखवलं. त्या मोटरीकडं बघत होत्या.

"हीच का ती?"

"हो."

"उतरवा."

"काकू, परत पाठवू," मी म्हणालो. "कशाला?"

"उतरवा म्हणलं न्हवं." आम्ही दोघांनी उतरवली. त्यांनी फळीवरचा खोका काढला आणि मोटरीजवळ ठेवला. मग पदरानं मीटर पुसून माझ्या हातात दिला. "ते काय करत होते, तुम्ही बघितलाव. तसं करा. आन् या बारीला नीट लिवा."

प्लग काढायला मला अर्धा तास लागला. वायरी टेकवल्या. हवेची झडप उघडली. बसवराजनं सहा वेळा दोरी ओढली. आम्ही कोणी बोललो नाही. वरच्या सिलिंडरचा काटा पंच्याण्णववर थांबला. खालच्याचा पंचावन्नवर.

पत्राच्या मागं कोरी जागा होती. तिथं मी लिहिलं. वर पंच्याण्णव. खाली पंचावन्न. मग त्यांनी मे महिन्यात सांगितलं होतं तसं, बाजूला बारीक लिहिलं: तेल घातलेलं नाही.

खाली सही माझी केली.

बसवराज ते पत्र घेऊन गेला. कचेरीनं ते परत पाठवलं आहे. त्यांचं म्हणणं, पाण्यातून काढलेल्या मोटरीचा आकडा धरता येत नाही, आणि सही करणाऱ्याचं नाव यादीत नाही.